सेल्फ फिरतोय, पण गाडी चालू होईना

जुनी गाडी दारात अडून बसली की कोल्हापुरातला माणूस शिवाजी उद्यमनगरातल्या आपल्या मिस्त्रीला फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सेल्फ फिरतोय का?" चावी फिरवल्यावर नुसतं 'टक' वाजलं किंवा काहीच झालं नाही, तर दोष बॅटरी, तिची टर्मिनलं, सोलेनॉइड नाहीतर खुद्द स्टार्टर मोटर एवढ्याच टापूत शोधायचा असतो. सेल्फ जोमात फिरतोय आणि इंजिन मात्र उचलत नाही असं उत्तर आलं, की हा सगळा टापू वगळून मिस्त्री दुसरीकडे वळतो.

तरीही अशा वेळी गाडीमालक आधी बदलतो ती बॅटरीच. मग प्लग, मग कॉईल, मग कुणीतरी सांगितलं म्हणून पेट्रोल पंप. चार-पाच हजारांचे सुटे भाग बसवून झाल्यावर कळतं, की कॉईलकडे जाणारी वायर उंदराने कुरतडली होती. उसाच्या फडाकडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे अजिबात दुर्मीळ नाही. भाग स्वस्त मिळतात म्हणून बदलत सुटण्याची ही सवय जुन्या गाड्यांच्या बाबतीत फारच बोकाळली आहे. मुरलेला मिस्त्री उलटा जातो. त्याच्या प्रत्येक चाचणीचं उत्तर 'हो' येवो वा 'नाही', निम्म्या शक्यता गळतातच. फुकटात होणाऱ्या चाचण्या आधी, पाना लावावा लागणाऱ्या नंतर आणि हेड उघडायची पाळी सगळ्यांत शेवटी.

उद्यमनगराला ही पद्धत नवी नाही. विहिरीवरच्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती, मग त्यांची बांधणी, त्यासाठी लागणारं ओतकाम, अशा वाटेने कोल्हापूरचा फौंड्री आणि इंजिनिअरिंगचा धंदा वाढला. शेतात बंद पडलेल्या इंजिनापाशी पुस्तक नसायचं आणि सुटा भागही नसायचा. डोकं, कान आणि पाना एवढ्यावर भागवावं लागायचं. इंजिनाच्या मूळ गरजा आजही त्याच आहेत. दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक असो, नाहीतर राजारामपुरीतल्या एखाद्या बोळात ताडपत्रीखाली उभी असलेली एमएच ०९ ची मारुती ८००, पेट्रोल इंजिनाला योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल लागतं, ते मिश्रण दाबलं जावं लागतं, ठिणगी पडावी लागते, आणि हे सगळं नेमक्या वेळी व्हावं लागतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलोंच्या आसपास हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सकाळी चोक ओढून हवा कमी करायची आणि मिश्रण दाट करायचं. डिझेलला ठिणगीच नसते. तिथे दाबलेल्या हवेची उष्णताच इंधन पेटवते.

बोनेट उघडण्याआधी कान लावायचा. चांगल्या चार सिलिंडरच्या इंजिनावर सेल्फ मारला की आवाजात एक ठेका असतो. प्रत्येक सिलिंडर दाबावर आला की मोटर किंचित अडखळते, तो ओलांडला की सुटते, आणि हे अडखळणं अगदी एकसारख्या अंतराने होतं. चारांपैकी एका ठोक्याला मोटर अडखळतच नसेल, तर त्या सिलिंडरचा दाब गेला आहे. ठेकाच नाहीसा झाला आणि मोटर शिवणयंत्रासारखी एका सुरात भुर्र फिरायला लागली, तर बहुधा टायमिंग बेल्ट तुटलेला असतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व जिथल्या तिथे थांबतात, काही उघडेच राहतात, आणि त्या सिलिंडरमध्ये दाब तयारच होत नाही. हा आवाज ऐकला की सेल्फ मारणं तिथेच थांबवायचं, कारण काही इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आपटतो आणि बेल्टवर भागणारं काम हेडपर्यंत जातं.

आवाज जड आणि रेंगाळणारा असेल तर मात्र बॅटरी पुन्हा चौकशीत येते. फिरतोय म्हणजे पुरेसा फिरतोय असं नसतं. पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली घसरली, तर मोटर कशीबशी फिरते, पण कॉईलला उरलेल्या विजेत धड ठिणगी पाडता येत नाही. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. दिवे थोडे मंद होणं ठीक, पार विझायला आले तर आधी बॅटरी चार्ज करायची आणि मग पुढचं बघायचं. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टीही याच वेळी हलवून बघावी. जुन्या गाडीत ती गंजून केसाएवढी उरलेली असते. आणि एक शिस्त : सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट मोटरला गार होऊ द्यायचं.

आता बोनेट उघडायचं आणि एक प्लग काढायचा. माझ्या मते या सगळ्या तपासातली सर्वांत मोलाची चाचणी हीच, आणि तिला लागतो फक्त प्लगपाना. दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर काढलेला प्लग ओला असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर टाकीपासून सिलिंडरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. बहुधा ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल जास्त झालंय. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही. निम्मं इंजिन एका प्लगवर बाद करता येतं.

ओल्या प्लगच्या बाबतीत आधी सोपी गोष्ट. चोक ओढून ओढून आणि ॲक्सिलरेटर पंप करून करून पेट्रोल 'ओव्हर' झालं असेल, तर चोक आत ढकलायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारायचा. भरपूर हवा आत जाऊन जादाचं पेट्रोल उडून जातं आणि गाडी बहुधा काळा धूर ओकत उचलते. दाबून धरायचा म्हणजे धरायचा. पुन्हा पुन्हा पंप केला तर कार्बोरेटर दर वेळी नवं पेट्रोल आत सोडतो.

तरीही उचलली नाही तर ठिणगी बघायची. इथे सावधगिरी हवीच. काढलेल्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, म्हणून चाचणीचा प्लग त्या भोकापासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला पक्का टेकवून ठेवायचा. तो हातात धरायचा नाही आणि जवळपास बिडी-सिगारेट नको. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. "मार बगू… हां, बास." निळी, चटचट वाजणारी ठिणगी म्हणजे करंट चांगला आहे. पिवळट, अशक्त ठिणगी उघड्या हवेत दिसली तरी सिलिंडरच्या दाबाखाली ती बहुधा विझते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत प्लगची वायर अधांतरी ठेवून सेल्फ मारला तर कॉईल किंवा मॉड्यूल जळू शकतं, तेव्हा प्लग अर्थला लागलाय ना, हे दोनदा बघावं.

ठिणगी अजिबात नसेल तर पॉइंटवाल्या जुन्या गाडीत गंमत सुरू होते, कारण तिथलं सगळं डोळ्यांना दिसतं. ही व्यवस्था अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास रूढ केली. त्याच्याच विजेच्या स्टार्टरमुळे १९१२ च्या कॅडिलॅकची हँडल मारण्याची कटकट संपली. कॉईलमध्ये दोन वेटोळी असतात. जाड तारेच्या वेटोळ्यातून बारा व्होल्टचा प्रवाह वाहत असतो, डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट उघडला की तो एकदम तुटतो, आणि त्या धक्क्याने दुसऱ्या, हजारो फेऱ्यांच्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. म्हणजे पॉइंट मिटला की कॉईल भरते, उघडला की ठिणगी पडते.

हे लक्षात असलं की एक साधा टेस्ट-लॅम्प पुरतो. बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी. आधी एक टोक बॉडीला आणि दुसरं कॉईलच्या चावीकडच्या टर्मिनलला लावून चावी 'ऑन' करायची. दिवा लागला नाही तर कॉईलपर्यंत वीजच येत नाही, तेव्हा चावीचा स्विच, फ्यूज आणि मधली वायर बघायची. लागला तर दिवा कॉईलच्या दुसऱ्या, पॉइंटकडच्या टर्मिनलवर न्यायचा आणि सेल्फ मारायचा. पॉइंट मिटलेला असताना हे टर्मिनल थेट अर्थला जोडलेलं असतं, म्हणून दिवा विझतो. उघडला की कॉईलमधून आलेली वीज दिव्यात जाते आणि तो लागतो. सेल्फबरोबर दिवा लुकलुकला तर पॉइंट आपलं काम करतोय आणि दोष कॉईलच्या उच्चदाब वेटोळ्यात, रोटरमध्ये, कॅपमध्ये किंवा वायरींत आहे, नाहीतर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर तुटलाय. दिवा लागलेलाच राहिला तर पॉइंट मिटतच नाही, किंवा त्याच्या तोंडावर काजळी नाहीतर गंज चढलाय. विझलेलाच राहिला तर पॉइंट उघडत नाही, कंडेन्सर शॉर्ट झालाय, किंवा कॉईलचं जाड तारेचं वेटोळंच तुटलंय. रुपया खर्च न करता इतकं कळतं. कित्येक महिने उभ्या असलेल्या फियाटमध्ये बहुधा पॉइंटच्या तोंडावरचा गंज निघतो. बारीक पॉलिशपेपरचा एक हात, मग पॉइंट पूर्ण उघडलेला असताना ०.४ मिलिमीटरच्या आसपास फट. फीलर गेज हाताशी नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड. अॅम्बॅसिडर किंवा जुन्या जीपला पुढून हँडल घालता येतं, त्याने इंजिन हळूहळू फिरवत पॉइंट कुठे पूर्ण उघडतो ते आरामात बघता येतं. सेल्फने ते साधत नाही.

काही गाड्यांत कॉईलच्या वाटेवर एक रेझिस्टर असतो. सेल्फ मारताना त्याला बगल देऊन कॉईलला पूर्ण वीज मिळते, चावी सोडली की वीज रेझिस्टरमधून जाते. तो तुटला की फार विचित्र लक्षण दिसतं : सेल्फ फिरत असताना इंजिन उचलतं आणि चावीवरचा हात सोडताक्षणी मरतं. हे ऐकलं की मिस्त्री बाकी काही न बघता थेट तिकडे जातो.

पॉइंटसाठी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढलीच आहे तर आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. सेल्फ मारताना रोटर फिरतोय का? कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो आणि पेट्रोलचा यांत्रिक पंपही कॅमशाफ्टवरच. म्हणून रोटर जागचा हलत नसेल तर ठिणगी नाही, पेट्रोल नाही आणि दाबही नाही, या तिन्हींचं कारण एकच, तुटलेला बेल्ट. तीन तक्रारी घेऊन तीन भाग विकत आणणारे लोक आहेत. रोटरकडे बघायला अर्धा मिनिट लागतं.

पावसाळ्यात मात्र टेस्ट-लॅम्पच्या आधी कोरडं फडकं काढायचं. जुलैत गगनबावड्याकडून आलेली गाडी रात्रभर उघड्यावर राहिली की डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये आणि प्लगच्या वायरींवर दमटपणा धरतो. पंधरा-वीस हजार व्होल्टना प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा ओल्या कॅपवरून अर्थला घसरणं सोपं जातं. अंधारात बोनेट उघडून सेल्फ मारला तर वायरींवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. कॅप आतून-बाहेरून पुसायची, वायरी पुसायच्या, रोटर पुसायचा. कॅपच्या आत पेन्सिलीच्या रेघेसारखी बारीक काळी रेघ दिसली तर पुसून भागत नाही. ती जळलेली वाट असते, करंट तिथूनच पळतो आणि कॅप बदलावीच लागते.

ठिणगी आहे, प्लग ओला आहे, तरी गाडी नुसती फाट-फाट करतेय आणि कार्बोरेटरमधून आगीचा भपकारा येतोय, असं असेल तर वेळ चुकतेय. अशा वेळी विचारायचा प्रश्न वेगळा : अलीकडे कुणी हात लावला होता का? सर्व्हिसिंगच्या वेळी प्लगच्या वायरी काढल्या आणि उलटसुलट बसवल्या, हे फार वेळा घडतं. फियाट आणि अॅम्बॅसिडरचा क्रम १-३-४-२, तीन सिलिंडरच्या मारुती ८०० चा १-३-२. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल होऊन तो फिरला असेल तरी हेच लक्षण.

आता कोरड्या प्लगकडे. पहिली पायरी सांगायला लाज वाटते, पण टाकीत पेट्रोल आहे का? जुन्या गाडीचा काटा पाव टाकी दाखवत असतो आणि टाकी रिकामी असते. झाकण उघडून गाडी हलवली तर आवाजावरून कळतं. मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या घशात बघायचं आणि हाताने ॲक्सिलरेटरची तार ओढायची. आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. नाही उडाली तर पंपाकडून येणारी नळी काढून बाटलीत धरायची आणि सेल्फ मारायचा. बाटलीत ठोक्याठोक्याने पेट्रोल पडलं तर अडथळा पुढे आहे, म्हणजे कार्बोरेटरची जाळी किंवा अडकलेली फ्लोटची सुई. नाही पडलं तर मागे : पंपाचा फाटलेला पडदा, तुंबलेला फिल्टर, किंवा टाकीतून येणारी चिरलेली रबरी नळी. नळीला चीर असेल तर पेट्रोल गळतच असं नाही. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत बसतो आणि बाहेर थेंबही दिसत नाही.

पेट्रोलचा आणखी एक प्रश्न आता आपल्याच जिल्ह्याच्या उसातून आलाय. पेट्रोलमधलं इथेनॉल देशभर २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. कोल्हापूरच्या साखर पट्ट्याला त्याचा पैसा मिळतो आणि तो मिळावाही. पण १९९० च्या दशकातल्या कार्बोरेटरचे रबरी पडदे, नळ्या आणि वॉशर या इंधनासाठी बनवलेले नव्हते. काही फुगतात, काही कडक होऊन चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. गाडी अख्खा पावसाळा अर्ध्या टाकीनिशी उभी राहिली आणि पाण्याचं प्रमाण वाढत गेलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतून इंधन ओढणारी नळी तळाशीच असते. मग सेल्फ छान फिरतो, ठिणगी निळी पडते, प्लग ओलाही निघतो, पण त्यावरचं पेट्रोल पेटत नाही. काचेच्या बाटलीत थोडं इंधन काढून उजेडात धरायचं. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून स्वच्छ करण्याला पर्याय नाही. वर ताजं पेट्रोल ओतून हे सुटत नाही.

उन्हाळ्यात वेगळाच खेळ. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गर्दीत रखडत डोंगर चढलेली जुनी गाडी वर जाऊन बंद केली, आणि दहा मिनिटांनी चालू करायला गेलं तर उचलत नाही. इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ढकलायला बनवलेल्या पंपाला वाफ ढकलता येत नाही. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकलं की थोड्या वेळात गाडी चालू होते. पण गरम असताना बंद आणि गार झाल्यावर चालू, हे लक्षण एकट्या वाफेचं नसतं. म्हातारी कॉईल गरम झाली की तिच्यातल्या वेटोळ्याचा संपर्क तुटतो, नव्या गाडीत क्रँक सेन्सर असाच वागतो. गाडी गार होईपर्यंत थांबलं की तिन्ही दोष लपतात, म्हणून ती गरम आणि बंद असतानाच ठिणगी बघायची. ठिणगी असेल तर वाफ, नसेल तर कॉईल किंवा सेन्सर.

मारुती ८०० ला २००० साली एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर, आलं आणि त्यानंतरच्या गाड्यांत तपासाची भाषा थोडी बदलली. आता त्याही जुन्या झाल्या. त्यांत चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन सेकंद बारीक घूं असा आवाज यायला हवा, तो पेट्रोल पंपाचा. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले. तशाच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून बघितला की फुकटात निकाल लागतो. टॅकोमीटर असलेल्या गाडीत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यायचा. इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळलेलं नसतं, मग तो पेट्रोलही सोडत नाही आणि ठिणगीही पाडत नाही. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर बोनेट उघडूच नये. इमोबिलायझरला चावी ओळखता आलेली नाही. घरातली दुसरी चावी आणून बघावी.

ठिणगी, इंधन, वेळ सगळं जागच्या जागी असेल तर उरतो दाब. जुन्या पेट्रोल इंजिनात गेजवर साधारण १२० ते १६० पीएसआय यावा आणि सिलिंडरांत फार तफावत नसावी. दाब कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. ऑइलमुळे दाब वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. यापुढचं काम लेथ आणि बोअरिंगवाल्यांचं, आणि त्यासाठी उद्यमनगरासारखी जागा महाराष्ट्रात शोधावीच लागेल.

डिझेलचा तपास याहून आटोपशीर, आणि तो शिकावा वडापवाल्यांकडून. भुदरगड, राधानगरी, शाहूवाडीच्या गावांतून माणसं आणणाऱ्या ट्रॅक्स आणि कमांडर गाड्या वर्षानुवर्षं या चालकांनी रस्त्याकडेलाच दुरुस्त केल्या. ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या ओएम ६१६ वर बेतलेलं इंजिन, महिंद्रात प्यूजोच्या परवान्याचं. दोन्ही साधी, दणकट. सेल्फ मारताना हा चालक आधी सायलेन्सरकडे बघतो. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही : हीटर प्लग गेलेत, किंवा दाब कमी आहे, किंवा आजऱ्याकडच्या डिसेंबरच्या पहाटे पुरेसं हीटिंग न देताच सेल्फ मारला आहे. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. मग इंजिन बंद करायची केबल अर्धी ओढलेलीच राहिलीय का, नाहीतर पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड चावीला 'टक' करतो का, हे बघून तो 'एअर काढायला' बसतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांचं डिझेल, मग सलग धार. धार सलग झाली की स्क्रू आवळायचा. तेवढ्याने भागलं नाही तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून, हात आणि तोंड लांब ठेवून सेल्फ मारायचा. नटातून डिझेल पिचकायला लागलं की एकेक आवळत जायचं. चार दिवसांनी पुन्हा हवा धरली तर हवा काढत बसण्यात अर्थ नाही, ती शिरते कुठून ते शोधायचं. बहुतेक वेळा टाकीकडच्या नळीचा क्लिप किंवा फिल्टरचं वॉशर निघतं. डिझेलच्या गाडीत झटपट चालू होण्याचा ईथर स्प्रे मारू नये, तापलेल्या हीटर प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन फोडू शकतो.

पुरात उभ्या राहिलेल्या गाडीसाठी हा सगळा क्रम उलटा होतो, कारण तिथे सेल्फ फिरतोय का हे बघण्यासाठीसुद्धा चावी मारायची नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं आणि शहरात पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी बॅटरीची वायर काढायची, डिपस्टिक ओढून ऑइल दुधट झालंय का बघायचं, एअर फिल्टर ओला आहे का बघायचं. मग सगळे प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं आणि त्यानंतरच सेल्फ मारायचा. भोकांतून पाण्याचे फवारे उडतात. ऑइल, फिल्टर बदलून, टाकीतलं इंधन काढून गाडी चालू होते आणि मालक निर्धास्त होतो. दिवाळीच्या आसपास तीच गाडी एका सकाळी सेल्फ फिरवते आणि उचलत नाही. तेव्हा पंप किंवा सेन्सर विकत आणण्याआधी सीटखालचे आणि बोनेटमधले वायरींचे कनेक्टर एकेक करून उघडावेत. पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, बारीक ब्रशने घासून, सुकवून पुन्हा दाबून बसवायचे.